आजोबांची कवळी आणि सासूबाईंचे मोती

सासूबाईंचा मोत्यांचा सर भाचीच्या लग्नाआधी गाठवून आणायचा होता, एवढंच काम. आधी घरीच बसले होते ओवायला. १८ इंची सर, ६५ मोती, म्हणजे मधल्या गाठी ६४. गाठीत टाचणी अडकवायची, गाठ मोत्याला चिकटेपर्यंत सरकवायची, मग टाचणी काढून घ्यायची. माझी अकरावी गाठ मोत्यापासून अर्धं बोट लांब बसली. रेशमाची गाठ नखानं सुटत नाही, कात्रीनंच सुटते. मंगळवारी सगळे मोती हळदकुंकवाच्या डबीत भरले आणि बेळगावच्या शहापुरात पटवेकऱ्याकडे गेले.

दुकानाची पाटी नुकतीच बदललेली. कर्नाटकातल्या नियमानं पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून रंगाऱ्यानं वरची अक्षरं अशी ऐसपैस काढलीत की 'दागिने गाठवून मिळतील' खाली पार चेंगरलंय, आणि शेवटचा 'ल' शेजारच्या पानपट्टीच्या भिंतीवर गेलाय. मला कन्नड येतं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण उरलेल्या चाळिसात इंग्रजीही घुसलेलं. आम्ही बसायचं कुठं?

असो. पटवेकरी पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून कुणाचं तरी मंगळसूत्र गाठवत होता. बाकावर एक आजोबा बसलेले. मंगळसूत्र त्यांच्याच बायकोचं. मी ताटलीत मोती ओतले आणि मोजायला लागले.

"खरं हाय काय ओ, ताई?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"कशावरनं?"

आता कशावरून म्हणजे? सासूबाईंवरून! पण मी उत्तर देईपर्यंत आजोबांनी ताटलीतला एक मोती उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

मी ओरडलेसुद्धा नाही. जिभेवर पेढा फिरवावा तसा त्यांनी तो या गालातून त्या गालात नेला, डोळे मिटले, मग पुढच्या दातांवर धरून घासला. सगळं दुकान गप्प. माझ्या मागं आमच्याच गल्लीतल्या एक काकू उभ्या होत्या, त्याही गप्प. हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं असावं.

"खोटं हाय," आजोबा म्हणाले. "खरं मोती दाताला खरखर लागतंय. हे लोण्यागत लागालंय बगा."

तेवढ्यात त्यांची वरची कवळी खाली सरकली. अंगठ्यानं ती त्यांनी जागेवर बसवली.

"आजोबा, दात खोटे आहेत तुमचे!"

"खोटं? चौदा हजार मोजल्यात ओ!"

आजोबांनी मोती धोतराला पुसला, ताटलीत टाकला आणि ताटली हलवून सगळे मोती नीट एकसारखे पसरले. झालं! आता कुठला तो, कुणास ठाऊक.

पटवेकरी हसत होता. हसू दे, पण निदान 'ताईंचं मोती चांगलं हाय' एवढं तरी म्हणायला काय जात होतं? त्यानं सांगितलं काय, तर दोन मोत्यांमध्ये गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि धागा तुटलाच तर एकच मोती निसटतो. हे मला माहीत होतं. माझी अब्रू आख्खीच्या आख्खी निसटली होती, तिच्यात कुणी गाठी मारल्या नव्हत्या.

बसमध्ये मला सगळी उत्तरं सुचली. दाताची परीक्षा करायची तर दात स्वतःचे लागतात. आणि ती पक्की कुठं असते? कल्चर मोती, म्हणजे माणसानं शिंपल्यात वाढवलेले, तेही खरखरीतच लागतात. जपानात मिकिमोटोंनी १८९३ सालीच शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला होता. हे सगळं मी खिडकीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचलीच. दुधाला गेले तर एकीनं विचारलं, "सासूबाईंना ठाऊक होतं काय हो?"

शनिवारी सर आणला. सुंदर गाठवलाय, खोटं कशाला बोलू. ६४ गाठी मी दोनदा मोजल्या. मग खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि मधला एक मोती दाताला लावून घासला. खरखर लागला. चांगला खरखर लागला! सासूबाईंच्या फोटोकडे बघून हसलेसुद्धा.

आणि मग आठवलं, ६५ मधला एक.

तीनदा चूळ भरली.