‘आता कोणाचा डीएनए जुळणार?’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

बेपत्ता सैनिकांचे अवशेष सापडल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. युद्धाला सत्तर-ऐंशी वर्षं होऊन गेली, सैनिकाचे आईवडील आणि भावंडं हयात नाहीत, तो तर बिनलग्नाचा होता; मग अवशेषांशी ताडून पाहायला लांबच्या नातेवाइकांचा डीएनए काय कामाचा? इतक्या जुन्या हाडांत काही उरत नाही, प्रयोगशाळा कुणाची तरी हाडं कुणाच्या तरी नावावर देऊन मोकळी होते आणि वर तुमचा नमुना सरकार भलत्याच कामाला वापरतं, असा त्याचा सूर असतो. असलं वाचून एखाद्या घरानं नमुना द्यायचा टाळला, तर त्या घरातला सैनिक निनावीच राहू शकतो. म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

सगळ्यात मोठी चूक ‘लांबचे नातेवाईक’ या मुद्द्यात आहे. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे बारीक भाग असतात, त्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. सैनिकाकडे जो होता तोच त्याच्या सख्ख्या बहिणीकडे, तिच्या मुलामुलींकडे आणि भाचीच्या मुलांकडेही असतो. मावशी, मावसभाऊ, मावसबहिणीची मुलं, सगळे याच साखळीत येतात. सैनिकाच्या पोटच्या मुलांकडे मात्र तो नसतो, कारण त्यांना तो त्यांच्या आईकडून मिळतो. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची साखळी वेगळी: भाऊ, काका, पुतण्या, चुलतभाऊ, पुतण्याचा मुलगा. आतेभाऊ आणि मामेभाऊ या दोन्हींच्या बाहेर राहतात. म्हणजे भाचीचा मुलगा उपयोगी पडतो आणि सख्खा मामेभाऊ पडत नाही, असं सहज होतं.

रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाची 1918 मध्ये हत्या झाली. त्यांच्या अवशेषांची ओळख पटवताना ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांनी नमुना दिला होता. झारची पत्नी महाराणी अलेक्झांड्रा हिची सख्खी बहीण ही फिलिप यांच्या आईची आई. सैनिकांचं उदाहरण हवं असेल तर फ्रान्समधलं फ्रोमेल पाहा. जुलै 1916 च्या लढाईनंतर सामूहिक कबरीत पुरलेले 250 देह तिथे 2009 मध्ये बाहेर काढले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना आज नाव मिळालंय, तेही नंतरच्या पिढ्यांतल्या नातेवाइकांनी नमुने दिले म्हणून.

‘हाडांत काही उरत नाही’ हे मात्र एकेकाळी काही हाडांबाबत खरं होतं. कोरियन युद्धातले अनेक अनोळखी अमेरिकन सैनिक होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीत आहेत. त्याआधी जपानमधल्या कोकुरा इथे त्यांच्या हाडांवर फॉर्मल्डिहाइड या टिकवणाऱ्या रसायनाची पूड वापरली गेली होती. तिच्यामुळे डीएनएचे इतके बारीक तुकडे झाले, की वर्षानुवर्षं चाचण्या फुकट गेल्या. डेलावेअरमधल्या डोव्हर इथल्या लष्करी प्रयोगशाळेनं 2016 मध्ये हे तुकडे वाचणारी नवी पद्धत वापरात आणली आणि ती अडचण बरीचशी सुटली. मुळात मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या एका पेशीत शेकडो प्रती असतात. त्यामुळे जुन्या हाडात, विशेषतः मांडीच्या हाडासारख्या घट्ट हाडात, तो टिकण्याची शक्यता पुष्कळ जास्त.

आता कुणाचीही हाडं कुणाच्याही नावावर देण्याचा आरोप. एकट्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर नाव ठरत नाही. एकमेकांशी नातं नसलेल्या दोन माणसांचाही तो सारखा निघू शकतो, हे प्रयोगशाळेला पक्कं ठाऊक असतं. म्हणून दात, उंची, सापडल्याची जागा हे सगळं जोडून पाहतात. कोरियन युद्धाच्या बाबतीत तर क्षयाच्या तपासणीसाठी भरतीच्या वेळी काढलेले छातीचे एक्स-रे उपयोगी पडले: त्यांत दिसणारा हासळीच्या हाडाचा आकार सापडलेल्या हाडाशी ताडून पाहतात. पर्ल हार्बरमध्ये 7 डिसेंबर 1941 रोजी बुडालेल्या ‘ओक्लाहोमा’ युद्धनौकेवरच्यांची हाडं इतकी मिसळली होती, की 2003 मध्ये उघडलेल्या एकाच शवपेटीत नव्वदहून अधिक माणसांचा डीएनए निघाला. तरी 2015 नंतरच्या कामात 350 हून अधिक जणांना नावं मिळाली, आणि ज्यांची खात्री पटली नाही त्यांना 2021 मध्ये निनावीच पुन्हा दफन केलं. नुसती नावं वाटायची असती, तर त्यांनाही वाटता आली असती.

उलट, डीएनए नसतानाच मोठी चूक झाली होती. व्हिएतनाममध्ये 1972 साली विमान पडून मरण पावलेले अमेरिकी वैमानिक मायकेल ब्लासी यांचे अवशेष रक्तगट आणि उंचीच्या अंदाजावरून त्यांचे नाहीत असं ठरलं, आणि 1984 मध्ये अमेरिकेतल्या आर्लिंग्टन दफनभूमीत अज्ञात सैनिकाच्या स्मारकात ठेवले गेले. ती चूक 1998 मध्ये दुरुस्त झाली ती त्यांच्या आई आणि बहिणीच्या नमुन्यांमुळे.

नमुन्याच्या गैरवापराबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या बेपत्ता सैनिकांची ओळख पटवण्याच्या कार्यक्रमात नातेवाइकांचा नमुना त्याच कामापुरता वापरायचा, असा नियम आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की काम झालं.

साखळीबाहेरच्या आतेभावानंही गप्प बसू नये. सैनिकाच्या मावशीच्या मुलीची मुलगी लग्न होऊन कुठल्या गावी गेली, तिचं आताचं आडनाव काय, हे बऱ्याचदा त्यालाच माहीत असतं, आणि कागदपत्रांच्या ढिगात नेमकं तेच सापडत नाही.