पोरगं वाचायला लागलंय? वेळीच आवरा

पालकहो, सहावी-सातवीचं वय फार नाजूक. चौथीपर्यंत पोरं जोडाक्षरांशी झटत असतात आणि नववी लागली की दहावीची धास्ती त्यांना कामाला लावते. मधल्या या तीन-चार वर्षांत मात्र एखादं हाताबाहेर जाऊ शकतं. भेळ संपल्यावर कागद चुरगाळून टाकायचा सोडून ते तो उलगडतं, त्यावरची अर्धी बातमी वाचतं आणि उरलेली अर्धी कुठं गेली म्हणून भेळवाल्याला विचारतं. हे लक्षण दिसलं की समजा, लागण झाली. मी तेवीस वर्षं सातवीला मराठी शिकवतोय. अशी दोन-तीन पोरं दर वर्षी निघतात. वेळेत हातात मिळाली तर बहुतेक सुधारतात.

सुरुवात घरातून करा. "पप्पा, ओसरी म्हणजे काय ओ?" असं विचारलं तर ओसरी सांगत बसू नका. ओसरीवरून पडवी निघेल, पडवीवरून आजोळ निघेल आणि रात्रीचे दहा वाजतील. "परीक्षेला आहे का?" एवढंच विचारा. दोनदा विचारलंत की तिसऱ्यांदा पोरगं स्वतःलाच विचारतं. दुसरं, मोबाइल काढून घेतलात की त्याच क्षणी हातात पुस्तक द्या आणि म्हणा, "बस आता वाचत!" पुस्तक म्हणजे शिक्षा, हे एकदा पक्कं बसलं की जन्मभर पुरतं. घरात 'किशोर' मासिक येऊ देऊ नका. ते बालभारतीचंच असलं तरी १९७१ पासून पोरांना गोष्टींच्या नादाला लावतंय. आता तर त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. त्याबद्दल घरात अवाक्षर काढू नका.

पुढचं आम्ही बघतो.

उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायची, हा आमचा हातखंडा. लोकांना वाटतं, त्यासाठी उतारा समजावा लागतो. हे घ्या: 'काल चिरमाडीत तीन भुळके सणकत होते. त्यांतला पोकट भुळका फारच तिरसुंड होता, म्हणून बाकीच्यांनी त्याला ढवरलं.' आता प्रश्न. चिरमाडीत किती भुळके सणकत होते? कोणता भुळका तिरसुंड होता? बाकीच्यांनी पोकट भुळक्याला का ढवरलं? बघा, तुम्हाला तिन्ही आले. सहापैकी सहा गुण, आणि भुळका खातात की नेसतात याचा पत्ता नाही. युक्ती इतकीच की आधी प्रश्न वाचायचा, त्यातला एक शब्द पकडायचा, उताऱ्यात त्या शब्दावर बोट ठेवायचं आणि ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उचलून आणायचं. माझी पोरं यात इतकी तरबेज आहेत की उतारा वाचायचा राहूनच जातो. मागं एका पोरीनं हात वर केला. "सर, पण त्या माणसाला तसं का वाटलं असेल?" उताऱ्यात दिलं नव्हतं. मी तिला खाली बसवलं.

काही माणसं मात्र उगाच काड्या करतात. 'असर' नावाची एक पाहणी आहे, २००५ पासून चाललीय. ही मंडळी खेडोपाडी थेट घरी येतात, शाळेत नाही. म्हणजे मला शेजारी उभं राहून ओठ हलवायचीही सोय नाही. पोराच्या हातात दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट देतात आणि म्हणतात, वाच. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभर मुलांतल्या ४३ जणांनाच ती नीट वाचता आली. आठवीतल्या शंभरातही तिसेक अडखळलीच. यात आमचं काय चुकलं? त्या गोष्टीखाली रिकाम्या जागा नव्हत्या, जोड्या लावा नव्हतं. नुसतंच वाचायचं म्हटल्यावर पोर गोंधळणारच.

लेखनाचं तसं बरं चाललंय, कारण आमच्याकडं लेखन म्हणजे उतरवणं. फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत. मध्ये २०२३-२४ साली शासनानं भलतंच धाडस केलं. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत चक्क कोरी पानं घातली, मुलांनी नोंदी कराव्यात म्हणून! मी त्या वेळी फार घाबरलो होतो. कोरं पान दिसलं की पोर काय लिहील याचा नेम नाही. पण अनुभव वेगळाच आला. पोरं पेन उघडून माझ्याकडं बघत बसली, "सर, काय लिहायचं?" मी फळ्यावर लिहिलं, त्यांनी उतरवलं. दोन वर्षांत ती पानं गेलीसुद्धा.

निबंध हा खरा धोक्याचा भाग. तिथं गाइड हाताशी असलंच पाहिजे. माझ्या वर्गात ४८ मुलं. गाइड चोख पाठ झालेलं असलं की 'माझी आई'मध्ये ४८ आया पहाटे पाचला उठतात, सडा-रांगोळी करतात, देवपूजा करतात आणि सणावाराला पुरणपोळ्या लाटतात. शेवटी 'स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी' आलं की आठ गुण. तपासायला सोपं जातं. पहिली आणि शेवटची ओळ बघायची. पावसाळ्यातल्या एका दिवशी सगळ्यांची तारांबळ उडते, सहलीला गेलेले सगळे सायंकाळी जड अंतःकरणानं परततात आणि फाटकी छत्री आपलं मनोगत सांगून गप्प होते. सुखात चाललेलं असतं सगळं.

आणि मग एखादा निघतो. गेल्या साली एकानं लिहिलं होतं: 'माझी आई रातपाळीला जाती. सकाळी ती निजलेली आस्ती म्हणून आमी दोघं भाऊ डब्याचं झाकन पन हळू लावतो. येकदा झाकन पडलं तर ती उठली नाई फक्त हासली.' निबंध संपला. पूजा नाही, पुरणपोळी नाही, सुविचार नाही. मी लाल पेनानं 'जाती', 'आस्ती', 'आमी', 'झाकन', 'पन', 'येकदा', 'नाई', 'हासली' यांना गोल केले. पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. खाली शेरा दिला, 'मुद्द्यांना धरून लिहा', आणि दहापैकी तीन. पोरगं समजूतदार होतं. सहामाहीत त्याचीही आई पहाटे पाचला उठली. आठ मिळाले. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बिनचूक होते.

राहिलं ग्रंथालय. आमच्याकडं पुस्तकं भरपूर आहेत, कपाटाला चांगलं कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये आहे. लोक याला नावं ठेवतात. पुस्तक पोराच्या हातात दिलं की पान फाटतं, भाजीचा डाग पडतो, कधी पुस्तकच घरी राहतं. नोंदवहीत ते माझ्या नावावर असतं. बदली झाली की एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं; कमी भरलं तर भरून कोण देणार? न वाचलेलं पुस्तक कधी हरवत नाही, हे तेवीस वर्षं बघतोय.

वर्षातून एकदा मात्र आम्ही कपाट उघडतो. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५ पासून हा वाचन प्रेरणा दिन असतो. मुलं पटांगणात रांगेत बसतात, प्रत्येकाला एक पुस्तक. "वर बघू नका, वाचताय असं दिसू द्या!" फोटो निघतो, अहवालासोबत वर जातो, पुस्तकं गोळा होतात. गेल्या खेपेला फोटोत एकाचं पुस्तक उलटं निघालं म्हणून परत काढावा लागला. दुसऱ्या फोटोच्या वेळी ती भेळवाल्याला छळणारी जमात खरंच वाचत बसली होती. पुस्तक देईनात. एकीनं तर "सर, दोनच पानं राहिलीत" म्हणून हात जोडले. दोन पानांसाठी कपाट किती वेळ उघडं ठेवायचं?

एवढं करूनही तुम्हाला शंका असेल, तर प्रगतिपुस्तक आहे. २०१० पासून आमच्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, म्हणजे नुसते गुण देऊन भागत नाही, प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. ४८ मुलं, इतके विषय, वर पोषण आहाराचा हिशेब आणि मतदारयाद्या. इतक्या नोंदी सुचणार कुठून? नशिबानं शिक्षकांच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते. त्यातलं एक वाक्य मला फार आवडतं, ते मी सगळ्यांना देतो: 'स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहितो.' मुलींच्या वेळी 'लिहिते' करायचं, तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

खाली पालकांच्या सहीला जागा आहे. सही करा. वरचं वाचत बसू नका.