शेजाऱ्याच्या मदतीचा हिशेब ठेवावा

स्वित्झर्लंडमधली ६७ वर्षांची एक घरमालकीण एका म्हाताऱ्याची सेवा करून 'तास' साठवते आणि स्वतःच्या उतारवयात ते वापरते, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरते आहे. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ती आली की वाद ठरलेला. काहींचं म्हणणं, मुलं परदेशात, आईवडील एकटे, तेव्हा आपल्याकडेही हे लगेच सुरू करा. बाकीचे विचारतात, शेजाऱ्याला केलेल्या मदतीचा हिशेब ठेवण्याइतके आपण कोरडे झालो का? मी लंडनमध्ये राहते, इथल्या एका टाइम बँकेची सभासद आहे (सभासद एकमेकांना मदत करतात आणि त्या मदतीचे तास खात्यात मांडले जातात), आणि मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

आधी त्या गोष्टीबद्दल. स्वित्झर्लंडमध्ये देशभर लागू असलेली अशी सरकारी योजना नाही. सेंट गालन या शहरात आहे. तिथे २०१२ मध्ये प्रतिष्ठान स्थापन झालं, दोनेक वर्षांत प्रत्यक्ष काम सुरू झालं. एका माणसाला जास्तीत जास्त ७५० तासच साठवता येतात आणि त्या तासांची हमी शहराने घेतली आहे. ही मर्यादा आणि ही हमी, दोन्ही त्या संदेशातून गळून पडतात. भारतात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या गटाने २०१८ मध्ये या पद्धतीची शिफारस केली, २०१९ मध्ये मध्य प्रदेश सरकारने टाइम बँकेचा निर्णय घेतला. पण घरोघरी चर्चा होते ती म्हातारपणाच्या पुंजीचीच. आज सेवा करा, तीस वर्षांनी वसूल करा. तीस वर्षांनी ती बँक असेल का, तिथे तरुण सभासद उरले असतील का, हे कुणी विचारत नाही. टाइम बँक चालते ती तास याच महिन्यात, याच वस्तीत फिरते राहिले तर.

आमच्याकडे ते कसे फिरतात, सांगते. ऐंशी पार केलेल्या एक बाई सभासद आहेत. त्यांना जिना उतरवत नाही. त्या रोज संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या दोन सभासदांना फोन करतात. जेवलात का, गोळी घेतली का, दाराला कडी लावली का. फोनवर गेलेला तेवढा वेळ त्यांच्या खात्यात जमा होतो. पूर्वी कुणी विचारलं की "नको, माझं ठीक चाललंय" एवढंच त्यांचं उत्तर असे. आता त्या स्वतः कळवतात: बुधवारी डोळ्यांच्या तपासणीला सोबत हवी, आणि पडदे काढून द्यायला उंच माणूस पाठवा. लंडनच्याच कॅटफर्ड भागातली रशी ग्रीन टाइम बँक १९९९ मध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यातच सुरू झाली, कारण कित्येक रुग्णांचं खरं दुखणं एकटेपणाचं होतं.

हिशेबाने आपुलकी आटते म्हणणाऱ्यांना माझं उत्तर या बाईंमध्ये आहे. माझी आई गुडघे दुखत असताना स्टुलावर चढून बल्ब बदलते, कारण "लोकांना किती वेळा सांगायचं?" शेजारी चांगले आहेत, हाकेला धावतात. तरीही ती हाक मारत नाही. म्हणजे हिशेब आपल्याकडेही चालतो. तो मनात चालतो, आणि त्यात मदत घेणारा कायमचा मिंधा राहतो. वहीत मांडलेला तास त्या ओझ्यातून सोडवतो. आईकडे देण्यासारखं पुष्कळ आहे. ते मागायला मात्र कुणी येत नाही.

आपल्याकडेही देण्यासारखं काही आहे, या जाणिवेतच या कल्पनेचं मूळ आहे. १९७३ मध्ये ओसाकात श्रमबँक काढणाऱ्या तेरुको मिझुशिमा यांचा भर बायकांच्या बिनमोल धरलेल्या कामावर होता. अमेरिकेत कायदेतज्ज्ञ एडगर कान यांना १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि आपण आता निरुपयोगी झालो, ही भावना त्यांना छळू लागली. त्यातून पुढे त्यांचे टाइम डॉलर, म्हणजे मदतीच्या तासांचं चलन, आले.

आपल्याकडे खरी कसोटी पुढेच आहे. आमच्या टाइम बँकेत वकिलाचा एक तास आणि बाग साफ करणाऱ्याचा एक तास सारखाच धरला जातो. हे आपल्याला सोसेल का? फ्लॅटच्या मालकांनी आपसात तास फिरवले तर तो नुसता क्लब होईल. इमारतीत घरकाम करणाऱ्या बाईही सभासद हव्यात: त्यांनी कपडे शिवायला शिकवावं, निवृत्त मास्तरांनी त्यांच्या मुलीचं गणित घ्यावं, आणि दोन्ही तास सारखे लिहिले जावेत. त्यांच्या पगाराच्या कामाला मात्र हात लावायचा नाही. पगाराऐवजी तास देऊ करणारी बँक मला नको.

आणि टाइम बँक मोबाइल ॲपवर चालेल, या गप्पा जरा थांबवू. आमच्या बँकेचा कणा म्हणजे तिची पगारी समन्वयक. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी अनोळखी माणूस पाठवण्याआधी ती त्याची चौकशी करते, पहिल्या भेटीला स्वतः सोबत जाते, कोण हल्ली फोन उचलत नाही हे तिला ठाऊक असतं. अनुदान आटून हा पगार थांबला आणि चांगल्या चाललेल्या टाइम बँकाही मिटल्या, असं ब्रिटनमध्ये घडलेलं आहे. म्हणून नगरपालिका आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनी पहिला खर्च अशा समन्वयकावर करावा. परदेशातल्या आम्हा मुलांकडून वर्गणी मागायची असेल तर त्याच्या पगारासाठी मागा. मी दर महिन्याला द्यायला तयार आहे.