आधी मुंग्यांचं बघा

बागेतल्या कीड-तणांवरच्या लेखात पिठ्या ढेकणावर (झाडाचा रस शोषणारी, पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) निंबोळी तेल फवारा, हे बरोबर सांगितलंय, पण मुंग्यांचा उल्लेखच नाही. माझ्या जास्वंदीवर दोन वर्षं फवारत होते, आठ दिवसांत पुन्हा तो पांढरा कापूस हजर. मग लक्षात आलं, खोडावरून मुंग्यांची रांग चालूच आहे. ढेकणाचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून वर ग्रीस फासलं, पाइपच्या धारेने फांद्या धुतल्या आणि मग फवारणी. लिटरभर पाण्याला 5 मिली तेल, पण आधी अर्धा चमचा लिक्विड सोपमध्ये घोटून. नाहीतर तेल वर तरंगतं. तेही ऊन उतरल्यावरच.

आणि त्या पांढऱ्यात एखादी मोठी, तुरुतुरु पळणारी लोकरी अळी दिसली तर चिरडू नका हो! ती ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची. मी कितीतरी मारल्या असतील.

लव्हाळा या तणावर व्हिनेगर फवारायचा लेखातला सल्ला मात्र पटला नाही. वरची पात जळते, मातीतल्या गाठी शाबूत. पावसाने माती भुसभुशीत झाली की खुरप्याने गाठीसकट उपटत बसते मी, कंबर धरून.