आधी नकाशा बघा, मग आमचे पैसे मागा

वीस वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघांना एकाच वेळी चार दिवसांची सुट्टी मिळाली. डिसेंबरचा पहिला आठवडा, लग्नाचा वाढदिवस त्यातच. नवऱ्याची कधीपासूनची एकच इच्छा होती, कॅलिफोर्नियातली ती प्रचंड झाडं बघायची, त्यांच्यापाशी जरा वेळ नुसतं उभं राहायचं. दोघांनाही कामातून डोकं वर काढायला वेळ नाही, म्हणून सहली आखून देणाऱ्या एका माणसाला पैसे दिले. 'खास जोडप्यांसाठी, महावृक्षांच्या सहवासात' असा त्याचा प्लॅन. तो हातात पडला आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

दुसरा दिवस. सकाळी सिकोया नॅशनल पार्कमधलं जनरल शर्मन हे झाड, दुपारी रेडवूड नॅशनल पार्कमधलं हायपेरियन.

रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून आम्ही नकाशा पसरला. नवऱ्याने सिकोया नॅशनल पार्कवर बोट ठेवलं. मी रेडवूड नॅशनल पार्क शोधत वर वर सरकत गेले, सॅन फ्रान्सिस्को मागे पडलं, आणि माझं बोट जाऊन थांबलं ते पार ऑरेगनच्या हद्दीजवळ, समुद्राच्या काठाला. नवरा माझ्या बोटाकडे बघतोय, मी त्याच्या. नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर! मधे कुठेही न थांबता गाडी हाकली तरी अकरा-बारा तास. आणि ह्या माणसाने ते सकाळ आणि दुपार ह्यांच्यामध्ये बसवलंय, वर जेवणाला एक तास ठेवलाय!

ही चूक हात घसरून झालेली नाही. त्याला सिकोया आणि रेडवूड ह्या दोन वेगळ्या जाती आहेत हेच माहीत नाही. सिकोया म्हणजे सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर, साडेचार ते सात हजार फुटांवर वाढणारं. उंचीपेक्षा घेराने आणि घनफळाने अवाढव्य. जनरल शर्मन २७५ फूट उंच आहे, बुंध्याशी त्याची रुंदी ३६ फूट, आणि एका खोडाच्या झाडांमध्ये घनफळाने जगात त्याच्याएवढं दुसरं नाही. रेडवूड किनाऱ्याच्या धुक्यात वाढतं, त्या मानाने सडपातळ, पण उंचीला त्याच्यापुढे कुणी नाही. नावांचा घोळ आहे हे मला मान्य आहे. किनाऱ्यावरच्या रेडवूडच्या शास्त्रीय नावातच सिकोया आहे, आणि किंग्ज कॅनियन पार्कमध्ये 'रेडवूड कॅनियन' नावाची जागा आहे, तिथे सगळे सिकोया. सामान्य माणूस गोंधळेल, आम्हीही गोंधळलो होतो. पण जो ह्याच कामाचे पैसे घेतो त्याने गोंधळायचं? मग आम्ही पैसे कशाचे मोजले?

आता हायपेरियन. हे वाचून तर माझा संताप संताप झाला. ३८० फूट उंच, जगातलं सगळ्यात उंच जिवंत झाड, २००६ साली सापडलं. तिथे जायला वाट नाही, कधी नव्हतीच. तरी लोक नेटवरून ठिकाण काढून झाडी तुडवत घुसायला लागले. खालचे नेचे चिरडले गेले, कचरा पडला, मुळांभोवतीची माती दाबून टणक झाली. रेडवूडची मुळं खोल जात नाहीत हो, दहा-बारा फूट फार तर, आडवी पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. तुम्ही बुंध्याशी उभे राहून फोटो काढता तेव्हा त्या मुळांवरच उभे असता. शेवटी २०२२ मध्ये तो सगळा भाग बंदच करून टाकला. सापडलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि ह्या प्लॅनमध्ये त्याच झाडापुढे लिहिलंय, 'जोडप्याने झाडाला मिठी मारून फोटो'! लाज वाटायला हवी. बरं, इतकं करून गेलात तरी बुंध्याशी उभं राहून त्याचा शेंडा दिसतसुद्धा नाही.

पहिल्या पानावरचा फोटो बघा. उभ्या झाडाच्या पोटातून गाडी चाललीय, खाली लिहिलंय, 'हा अनुभव घ्या'. तो योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या मारिपोसा ग्रोव्ह ह्या सिकोयांच्या राईतला वावोना वृक्ष. १८८१ मध्ये त्याच्या पोटात बोगदा कोरला आणि १९६९ मध्ये तो पडला. पन्नास वर्षांहून जास्त काळ आडवं पडलेलं झाड आम्हाला विकायला काढलंय. पोट कोरलेला दुसरा एक सिकोया कॅलाव्हेरासला होता, तोही २०१७ च्या जानेवारीत वादळात कोसळला. झाडाला भोक पाडलं की ते कमकुवत होतं, एवढं तरी त्यातून शिकावं. तर नाही, अजून त्याच फोटोवर धंदा.

आणि महिना तरी बघाल का! मारिपोसाची शटल बस हिवाळ्यात नसते. दोन मैल चालत जायचं, दोन मैल परत, बर्फ असला तर बर्फातून. सिकोयात बर्फ पडला की टायरच्या चेन जवळ लागतात, रस्ता कधीही बंद होतो. पार्कच्या हद्दीत पेट्रोल मिळत नाही, बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. ह्यातला एक शब्द प्लॅनमध्ये नाही. 'हवामान आल्हाददायक' एवढं मात्र आहे.

माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. पैसे देतानाच मी ते फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, दोनदा सांगितलं. प्लॅनमध्ये काय, तर 'गाडीतून उतरताच समोर जनरल शर्मन'. साफ खोटं. मुख्य पार्किंगपासून झाडापर्यंत अर्धा मैल उतार आहे, मधे पायऱ्या आहेत, आणि परत येताना तोच सगळा चढ, तोही सात हजार फुटांवर, जिथे धडधाकट माणसालाही धाप लागते. ज्यांना चालायला अडचण आहे त्यांच्यासाठी हायवेलगत वेगळी पार्किंगची जागा आहे, तिथून झाड जवळ पडतं. अपंगत्वाचं परमिट असलं की तिथे गाडी लावता येते. हे मला रात्री दीड वाजता माझं मीच शोधावं लागलं. मी वाचून दाखवत होते आणि नवरा गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसला होता. मग हळूच म्हणाला, "जाऊ दे, नाही गेलो तरी चालेल." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला माफ करणार नाही.

ही झाडं दोन-दोन हजार वर्षं उभी आहेत, आणि आता झपाट्याने जातायत. २०२० च्या कॅसल फायर ह्या वणव्यात मोठ्या सिकोयांपैकी दहा टक्के तरी गेले. २०२१ च्या वणव्यात जनरल शर्मनच्या बुंध्याला अ‍ॅल्युमिनियमचं आवरण गुंडाळावं लागलं होतं. म्हणून तर नवऱ्याला घाई आहे. अशा वेळी कुणी तरी चार फोटो आणि दहा नावं एकत्र कालवून आमच्यापुढे वाढतो, तेव्हा चीड येणार नाही तर काय?

सकाळी फोन केला. म्हणतो, "मॅडम, सगळे असंच करतात, प्लॅन थोडा ॲडजस्ट करून घ्या." नऊशे किलोमीटर ॲडजस्ट करायचे! मी पैसे परत मागितले तर चक्क काखा वर केल्या.

आम्ही जाणार आहोत. हायपेरियन, मारिपोसा, रेडवूड, सगळ्यांवर नवऱ्याने लाल पेनाने काट मारली. चारही दिवस फक्त सिकोया, गाडी हायवेलगतच्या जागेत लावायची, परमिटचा अर्ज काल भरला. त्या माणसाला दिलेले दोनशे डॉलर अजून परत आलेले नाहीत. आज पुन्हा फोन लावला, उचलला नाही.