स्तोत्रं ढापलेली? फिरत्या मेसेजला शरणपूर रोडवरून उत्तर

गुड फ्रायडेच्या आठवड्यात नाशिकच्या आमच्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. मजकूर थोडक्यात असा: स्तोत्रसंहिता (बायबलमधला १५० स्तोत्रांचा ग्रंथ) यहुद्यांची, ख्रिस्त्यांनी ती ढापली, त्यांत येशूचं नाव एकदाही नाही, २२व्या स्तोत्रातलं ‘हातपाय विंधले’ हे येशूच्या क्रुसाशी जुळावं म्हणून मागाहून घुसडलेलं, आणि बाळांना खडकावर आपटा म्हणणारं पुस्तक तुम्ही उपासनेत गाता. सगळ्यांनीच काही खोडी काढायला पाठवला नव्हता. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या दोघांनी ‘याला काय सांगायचं?’ असं विचारत पुढे ढकलला.

ढापल्याचं आधी. येशू यहुदी, त्याचे शिष्य यहुदी. शेवटच्या भोजनानंतर ते गीत गाऊन बाहेर पडले असं येशूचा चरित्रकार मार्क लिहितो. ते गीत बहुधा वल्हांडण या यहुदी सणात म्हणायच्या ११३ ते ११८ या स्तोत्रांपैकी असावं. घरातलीच गाणी ती. पण आपण नाशिककर त्या घरातले कुठे, हा पुढचा प्रश्न रास्त आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तुकोबांच्या अभंगाचा साचा घेऊन ख्रिस्ताची भजनं लिहिली. गाथा जिथली तिथेच आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या रचल्या, आणि श्लोक हरवले नाहीत. दाखला शंभर टक्के जुळत नाही, हे कबूल. ज्ञानेश्वर गीतेच्याच परंपरेतले, आमचं वाचन मात्र दुसऱ्या धर्माचं झालं. यहुद्यांना ते पटत नाही आणि पटावं असा आग्रह धरायचा आम्हाला अधिकार नाही. कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, तर मराठीच बोलणारे. स्तोत्रं आधी त्यांची, मग आमची.

येशूचं नाव नाही, हे खरं. ‘तारण’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘येशुआ’ स्तोत्रांत वारंवार येतो, म्हणून नाव सापडलं असं काही प्रचारक सांगतात. ती शब्दांची गंमत आहे, पुरावा नव्हे. मात्र दुसऱ्या स्तोत्रात परमेश्वराच्या ‘अभिषिक्ता’विरुद्ध राजे उठतात, आणि येशूच्या जन्माआधी यहुद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे त्याच अर्थाचा शब्द आहे ‘ख्रिस्तोस’. मूळ रोख यहुद्यांच्या दाविद राजाच्या गादीवरच्या राजावर होता. गादी गेली, राजा उरला नाही, गाणं मात्र उरलं, आणि लोक येणाऱ्या राजाची वाट पाहत ते म्हणू लागले. जुन्या स्तोत्रात आपला काळ वाचणं हा ख्रिस्त्यांचा शोधही नाही. मृत समुद्राकाठी कुमरान इथे ३७व्या स्तोत्रावरचं एक भाष्य सापडलं. त्यात तिथल्या यहुदी पंथाने त्या ओळी सरळ आपल्या गुरूला आणि त्याच्या वैऱ्याला लावल्या आहेत.

आता २२वं स्तोत्र. यावर मेसेज सर्वांत जास्त ठासून बोलतो आणि सर्वांत जास्त घसरतो. प्रचलित हिब्रू पाठात ‘सिंहासारखे माझे हात व पाय’ असं काहीसं अर्धवट वाक्य आहे. ग्रीक भाषांतरात ‘त्यांनी खणले’; ‘विंधले’ त्यावरूनच. हिब्रूत हा फरक एका अक्षराचा: योद की वाव. दोन्ही अक्षरं दिसायला जवळजवळ सारखी, एकाची काडी आखूड, दुसऱ्याची लांब. मृत समुद्राजवळच्या नाहल हेवेर इथे सापडलेल्या पहिल्या शतकातल्या यहुदी हस्तलिखिताच्या तुकड्यात लांब काडीचं अक्षर दिसतं, म्हणजे क्रियापद. त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, तेव्हा ‘विंधले’वर आम्हीही पैज लावू नये. पण घुसडल्याचा आरोप टिकत नाही. आणि गंमत अशी की शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, ही ओळ वापरतच नाहीत! कपडे वाटून घेण्याची ओळ योहान उद्धृत करतो, डोकी हलवून थट्टा करणाऱ्यांची ओळ मत्तयाच्या वर्णनात डोकावते. हातापायांची कुणीच नाही. घुसडायचीच होती तर वापरली नसती का?

त्यांनी घेतली ती पहिली ओळ: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे भाकीत नाही, आक्रोश आहे, आणि येशू क्रुसावर तो स्वतःचा म्हणून ओरडतो. मला ख्रिस्ती अर्थ इथे सापडतो. गाणाऱ्याने आपलं दुःख त्या ओळीत ठेवावं, जसं आपण तुकोबांचा ‘बुडतां हे जन’ म्हणताना ठेवतो. त्याच स्तोत्राचा शेवट भर मंडळीत केलेल्या स्तवनाचा आहे. यहुदी या साऱ्या संग्रहाला ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवनं, म्हणतात. आणि त्यात रडगाणी किती तरी आहेत.

बाळांची ओळ १३७व्या स्तोत्रात आहे, शेवटची. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) साम्राज्याने यरुशलेम जाळून माणसं पळवून नेली, त्यातल्या कुणाचा हा संताप. ती ख्रिस्ताची स्तुती आहे असं मला कुणी पटवू शकलेलं नाही. जुन्या आचार्यांनी बाळं म्हणजे मनातले कोवळे दुर्विचार असा अर्थ लावला. चतुर आहे, पण मला तो पळवाट वाटतो. कॅथलिकांच्या १९७१च्या प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं आणि अशा काही ओळी वगळल्या गेल्या. मला विचाराल तर वगळू नयेत. रविवारी पाळकांनी एक ओळ म्हणायची, मंडळीने दुसरी, या आपल्या पद्धतीत ती ओळ मंडळीच्या वाट्याला आली, तर म्हणून गप्प बसावं. लगेच पेटीवर पुढचं भजन धरू नये.