ड्युटीवर इजा झाली तरी आपलीच रजा टाकायची? अजिबात नाही

‘ड्युटीवर जखमी झालात तरी रजा स्वतःच्या खात्यातूनच जाते, ती संपली की बिनपगारी, टेंपररी माणसाला काहीच मिळत नाही आणि कायमचं अपंगत्व आलं तर घरी बसवतात.’ राज्य सरकारी कर्मचाऱ्यांमध्ये हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यावर विश्वास ठेवून माणसं हक्काची रजा सोडून देतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

सगळ्यात जास्त नुकसान पहिलं वाक्य करतं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधले नियम 75 आणि 76 नेमके यासाठीच आहेत. वाळूचा ट्रक अडवताना तलाठ्याला मारहाण झाली, म्हणजे कुणी मुद्दाम इजा केली, तर 75. काम करताना अपघात झाला तर 76. या विशेष विकलांगता रजेसाठी कायमचं अपंगत्व यावं लागत नाही. एका इजेसाठी ती 24 महिन्यांपर्यंत मिळू शकते, रजा खात्यातून वजा होत नाही आणि निवृत्तिवेतनासाठी तो काळ कर्तव्यकाळ धरला जातो.

प्रत्यक्षात काय होतं? पाय प्लास्टरमध्ये असताना आस्थापनेतून निरोप येतो, ‘सध्या मेडिकल टाका, पुढचं नंतर बघू.’ ही ‘मेडिकल’ म्हणजे परिवर्तित रजा, अर्धवेतनी रजेचे दुप्पट दिवस देऊन मिळणारी पूर्ण पगारी रजा. ती 42 दिवस घेतली की अर्धवेतनी खात्यातून 84 दिवस जातात. वर्षाला जमा होतात 20. म्हणजे चार वर्षांहून जास्तीची शिल्लक एका फ्रॅक्चरमध्ये संपली! शिवाय दाखल्यावर फक्त ‘फ्रॅक्चर, सहा आठवडे विश्रांती’ एवढंच असतं. इजा कशी झाली याचा एक शब्द नाही, आणि नियम 76 चा सगळा भार तर कामाशी असलेल्या त्या संबंधावरच आहे. म्हणून घटना कुठे, किती वाजता, कोणत्या आदेशाचं काम करताना घडली हे कार्यालयप्रमुखांना लगेच लेखी कळवा, पोहोच घ्या. प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दाखल्यात कारण लिहून घ्या. अर्जात नियमाचा क्रमांक टाका. विकलांगता घटनेपासून तीन महिन्यांत दिसून यावी अशी अट आहे. उशीर झाला तरी सक्षम प्राधिकाऱ्याची कारणाबद्दल खात्री पटली तर रजा देता येते.

बिनपगारी होते, हेही खोटं. पहिले 120 दिवस अर्जित (म्हणजे कमावलेल्या, पूर्ण पगारी) रजेइतकं वेतन, पुढे अर्धवेतन. हे अर्धवेतन घराला जड जातंच, ते नाकारत नाही. पण आणखी 120 दिवसांपर्यंत पूर्ण वेतनाचा विकल्प असतो. तेवढी रजा मात्र अर्धवेतनी खात्यातून जाते. केंद्राने 1 जुलै 2017 पासून वेगळी रजा आणली: रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण वेतन, त्यानंतर सहा महिने पूर्ण आणि बारा महिने अर्धं. ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. दोन्हींची सरमिसळ करून अर्ज केला की तो परत येतो.

टेंपररी माणसाबद्दल नियमातच लिहिलंय: कायम असो वा अस्थायी. कंत्राटी मंडळींना मात्र हे नियम लागू नाहीत.

राहिलं घरी बसवणं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 20(4) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करायचं. कुणाल सिंग या कॉन्स्टेबलचा पाय कर्तव्यावरच्या इजेमुळे कापावा लागला होता. रुग्णता निवृत्तिवेतन (प्रकृतीमुळे सेवेला अपात्र ठरल्यावर मिळणारं) मिळतंय म्हणून हे संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये, आधीच्या 1995 च्या कायद्याखाली त्याच्या प्रकरणात सांगितलं. तेव्हा रुग्णता निवृत्तीचा अर्ज पुढे केला गेला तर सही करण्याआधी पर्यायी पदाची लेखी मागणी करा.